अँड, बट, ऑर… आणि आपण!

इंग्रजी म्हटलं की आपण जडजड शब्दांचं टेन्शन घेतो. खरी मेख असते ती मात्र दोन-तीन अक्षरी चिल्लर शब्दांत!

एक प्रयोग करून बघा. आज ऑफिसात आलेला कुठलाही मेल उघडा आणि त्यातले सगळे 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो', 'बिकॉज' उडवून टाका. काय उरतं? २०१३ साली बंद पडलेली तार! 'रिपोर्ट तयार. आकडे चुकले. क्लायंट भडकला. मीटिंग चारला.' माहिती सगळी आहे, पण भानगड काय ते कळत नाही. आकडे चुकले म्हणून क्लायंट भडकला, की क्लायंट भडकल्यावर कुणीतरी आकडे तपासले? मीटिंग त्याला शांत करायला आहे, की कुणाचा तरी बळी द्यायला? हे सगळं ठरतं ते मधल्या त्या किरकोळ शब्दांवर.

त्यांना इंग्रजीत म्हणतात कन्जंक्शन आणि आपल्याकडे उभयान्वयी अव्यय. शाळेत हे नाव ऐकून वर्गातल्या निम्म्या पोरांची झोप उडायची आणि उरलेल्या निम्म्यांना ती लागायची. खरं तर नाव साधंसोपं आहे. उभय म्हणजे दोन्ही, अन्वय म्हणजे संबंध. दोन्हींचा संबंध लावतो तो, आणि स्वतः कधी बदलत नाही म्हणून अव्यय. ग्रुपमध्ये असा एक जण असतो बघा, ज्याच्यामुळे बाकीचे एकमेकांना ओळखतात. स्वतःबद्दल तो फार बोलत नाही, पण तो सुट्टीवर गेला की ग्रुप फुटतो.

कन्जंक्शन हा शब्द लॅटिनमधून आलाय, जोडणं या अर्थाच्या धातूपासून. आणि गंमत म्हणजे तो लॅटिन धातू आणि आपला संस्कृत 'युज्' हे एकाच घराण्यातले. म्हणजे कन्जंक्शन, योग आणि बैलाच्या मानेवरचं जू हे तिघं लांबचे चुलतभाऊ! डोळे आल्यावर डॉक्टर 'कन्जंक्टिव्हायटिस' म्हणतात, तेही याच कुटुंबातलं. पापणी आणि डोळ्याचा गोळा यांना जोडणारा पातळ पडदा सुजतो, म्हणून ते नाव. पुढच्या वेळी डोळे आले तर निदान व्याकरण तरी आठवेल.

मी मराठी मीडियमची. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यानंतरच्या बॅचेसपैकी एक. त्यामुळे 'ए फॉर अ‍ॅपल' वेळेवर झालं. स्पेलिंगं पाठ होती, टेन्सचे बाराच्या बारा खण तोंडपाठ होते. पण पुण्याला मास कम्युनिकेशनला आले, तेव्हा कॉन्व्हेंटवाल्या पोरापोरींच्या बोलण्यात आणि आमच्या बोलण्यात काहीतरी फरक आहे, हे पहिल्याच आठवड्यात जाणवलं. उच्चार? होतेच. पण त्याहून मोठा फरक होता तो जोडकामाचा. आम्ही छोटी छोटी वाक्यं रचून ठेवायचो, विटांसारखी. त्यांच्याकडे सिमेंट होतं.

आता असं का होतं, त्याचं कारण आपली अक्कल कमी हे नव्हे. कारण आपल्या भाषेत आहे. मराठीला जोडायला दर वेळी वेगळा शब्द लागतच नाही. 'घरी जाऊन, जेवून, झोपले.' यात 'आणि' कुठाय? त्या 'ऊन'मध्ये लपलाय. इंग्रजीत हेच सांगायचं तर घरी गेले, जेवले 'अँड' झोपले, असा शेवटी एक 'अँड' ठोकावाच लागतो. नामांचंही तेच. 'आईवडील' म्हटलं की मधला 'आणि' गुप्त. 'खरंखोटं', 'तीनचार' म्हटलं की मधला 'किंवा' गुप्त. आणि 'चहापाणी' म्हटलं की चहा, पाणी, बिस्किट, चिवडा, पोह्यांची बशी, सगळंच गुप्त! इतरेतर, वैकल्पिक आणि समाहार द्वंद्व म्हणून दहावीला दोन मार्कांसाठी घोकलं होतं, ते हेच. इंग्रजांना बिचाऱ्यांना 'ब्रेड अँड बटर' म्हणावं लागतं. आपण 'वडापाव' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

दुसरीकडे, काही ठिकाणी आपण फारच उदार. जिथे इंग्रजी एका जोडशब्दात भागवते, तिथे आपल्याला जोडी लागते. जर असेल तर 'तर' हवाच, जरी आला की 'तरी' आलाच, जोपर्यंतला 'तोपर्यंत' सोबत लागतोच. जोड्याने जेवायला बसावं तसं. मग आपण इंग्रजीतही जोडी बसवतो. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट.' मनात 'जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो' हे वाक्य शंभर टक्के शुद्ध असतं. पण इंग्रजी 'ऑल्दो' एकटा जीव सदाशिव. त्याला 'बट' नको असतो. दोघांपैकी एकाला घरी पाठवा, वाक्य लगेच सुधारतं.

'अंटिल'चं त्याहून मजेशीर. 'तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबते' असं आपण म्हणतो. त्यातला 'नाही' उचलून आपण 'अंटिल यू डोन्ट कम' करतो आणि समोरचा गोंधळतो. 'अंटिल यू कम' एवढंच पुरेसं असतं. 'अनलेस' तर नकार पोटात घेऊनच जन्माला आलाय. त्याला आणखी एक 'नॉट' भरवला की त्याचं अजीर्ण होतं. तीन शब्द, तीन सवयी. एवढ्या सुधारल्या तरी इंटरव्ह्यूमधलं अर्धं अडखळणं कमी होतं, हा माझा अनुभव. क्लासवाले तीन महिन्यांची फी घेऊन उच्चार घासत बसतात, तो भाग वेगळा.

बाकी फंडा सोपा आहे. इंग्रजीत बरोबरीच्या दोन गोष्टी जोडणारे सात शब्द: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. पहिली अक्षरं घेतली की 'फॅनबॉईज' होतं, त्यामुळे विसरायची सोय नाही. यांच्या दोन्ही बाजूंची वाक्यं समान दर्जाची, भागीदारीतल्या दुकानासारखी. आणि बिकॉज, इफ, अनलेस, ऑल्दो, व्हेन, व्हाईल, अंटिल ही दुसरी गँग. यांच्यात एक वाक्य मालक आणि दुसरं भाडेकरू. 'बिकॉज आय वॉज इल' एवढंच लिहून मेल पाठवला, तर भाडेकरू आलाय पण घरच नाही, अशी अवस्था. शिवाय काही जोड्या आहेत: आयदर-ऑर, नायदर-नॉर, बोथ-अँड, नॉट ओन्ली-बट ऑल्सो. म्हणजे जोडीने यायची हौस इंग्रजीलाही आहे, फक्त जोड्या वेगळ्या.

आणि ऑफिसच्या मेलमधला लाडका 'हाउएव्हर'? तो कन्जंक्शन नाहीच! सूट घालून आलेलं क्रियाविशेषण आहे ते. दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये स्वल्पविराम देऊन त्याला उभा केला, की तो वाक्यं जोडत नाही, नुसता फोटोत उभा राहतो. त्याच्याआधी पूर्णविराम द्या, नाहीतर अर्धविराम तरी द्या.

'अँड' किंवा 'बट'ने वाक्य सुरू करायचं नाही, असं आमच्या इंग्रजीच्या बाई सांगायच्या. तुमच्याही सांगत असतील. पण १६११ साली छापलेलं किंग जेम्स बायबल उघडून पाहिलं, तर पहिल्याच अध्यायातली जवळजवळ सगळी वचनं 'अँड'नेच सुरू होतात. त्यामुळे बाईंचा मान राखून सांगते, बिनधास्त सुरू करा. फक्त प्रत्येक वाक्य तसं सुरू केलंत, तर वाचणाऱ्याला धाप लागते.

मी सध्या फ्रीलान्सिंग करते. मराठीत लिहिते, इंग्रजीतून अनुवाद करते, कधी एखाद्या कंपनीचं ब्रोशर. बऱ्याच कामाचे पैसे शब्दांवर मिळतात आणि मोजणीत 'अँड'ला 'एन्त्रप्रेन्योरशिप'इतकाच भाव असतो. या न्यायाने मी आजवर किती 'अँड' विकले असतील कोण जाणे! पण अनुवाद करताना सगळ्यात जास्त वेळ खातात ते हेच शब्द. 'एन्त्रप्रेन्योरशिप'ला उद्योजकता लिहिलं की विषय संपला. 'ऑर'चं काय करायचं? कारण मराठीत त्याचे दोन तुकडे होतात. 'चहा की कॉफी?' विचारलं तर एक काहीतरी निवडायचं असतं. 'चहा किंवा कॉफी काहीतरी द्या' म्हटलं तर दोन्हींपैकी काहीही चालतं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'ऑर'. हिंजवडीतल्या माझ्या मैत्रिणीला तिचा टीममेट 'टी ऑर कॉफी?' विचारतो, तेव्हा ती शांतपणे 'येस' म्हणते. प्रोग्रॅमर लोकांचा हा जगप्रसिद्ध पीजे आहे. पण त्यांची तरी काय चूक? जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ साली विचारांचे नियम बीजगणितात मांडले, तेव्हापासून अँड, ऑर, नॉट यांचा खरंखोटं ठरवण्याचा हिशेब चालू आहे. आज तुमच्या फोनमधली प्रत्येक चिप तोच हिशेब करत असते. तिथल्या 'ऑर'मध्ये दोन्ही चालतात.

सिनेमावेड्यांसाठी आणखी एक. हॉलिवूडच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोन लेखकांच्या मध्ये आकड्यासारखं वळण घेतलेलं 'अँड'चं चिन्ह असेल, तर दोघांनी एकत्र बसून लिहिलंय. तिथेच 'अँड' हा शब्द अक्षरांत लिहिला असेल, तर दोघांनी वेगवेगळं काम केलंय, बहुतेक एकाचं लिखाण दुसऱ्याने पुढे नेलंय. लेखक संघटनेचा तसा नियमच आहे. म्हणजे दोघं एका टेबलावर बसले होते की नाही, हे एका चिन्हावरून कळतं!

'बट'ची ताकद तर तुम्हाला अ‍ॅप्रेझलच्या दिवशी कळलेलीच असेल. 'युवर वर्क इज एक्सलंट, बट…' इथे 'बट'च्या आधीचं सगळं पुसलं जातं. आपल्याकडे हेच काम 'पण' पिढ्यान्‌पिढ्या करतोय. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर येणारा फोन आठवा. 'मुलगी हुशार आहे, पण…' पुढचं ऐकायची गरजच नसते. गंमत म्हणजे नुसता क्रम बदलला की माणूस बदलतो. 'काम चोख करते, पण उशीर लावते' आणि 'उशीर लावते, पण काम चोख करते.' शब्द तेच, माहिती तीच. पहिल्या वाक्यातली मुलगी पुढच्या वर्षी त्याच खुर्चीत असते, दुसरीला प्रमोशन मिळतं. मैत्रिणीशी भांडण मिटवताना मी हे मुद्दाम वापरते. रागाची गोष्ट 'पण'च्या आधी आणि प्रेमाची नंतर. ट्राय करून बघा!

इथपर्यंत सगळी गंमत होती. आता जरा सिरियस.

२०२३ च्या पावसाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला. आईबाबा कऱ्हाडला असतात, बाबांचं छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. घराजवळच्या एका लहान हॉस्पिटलमध्ये सहा दिवस अ‍ॅडमिट होते. मी पुण्याहून रात्रीच्या एसटीने पोचेपर्यंत आईने बँकेतून पैसे काढून डिपॉझिट भरलेलंसुद्धा होतं. खातं बाबांच्या नावावर, चेकबुक बाबांचं, सह्या आजवर बाबांच्या. मग आईला पैसे कसे मिळाले? पासबुकाच्या पहिल्या पानावर तीन शब्दांचा शिक्का होता: 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. दोघांपैकी कुणीही एक, आणि एक गेला तर मागे राहिलेला. त्या जागी 'जॉइंटली' असतं, तर ऑक्सिजन लावलेल्या माणसाची सही घ्यायला आईला पुन्हा वॉर्डात जावं लागलं असतं. तुमच्या घरच्या पासबुकावर काय लिहिलंय, आज संध्याकाळी जरा बघा. इतक्या कोरड्या शिक्क्यात इतका मोठा विचार असतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं.

बाबा बरे होऊन घरी आले. बिल झालं एकाहत्तर हजार चारशे. बाबा अकरा वर्षं न चुकता मेडिक्लेमचा हप्ता भरत होते आणि एकदाही क्लेम केला नव्हता. कागदपत्रं पाठवली. महिन्याभराने इंग्रजीत पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारण काय? पॉलिसीतल्या 'हॉस्पिटल'च्या व्याख्येप्रमाणे दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान दहा खाटा हव्यात आणि या हॉस्पिटलमध्ये आठच आहेत.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून दुकानाच्या गल्ल्यात ठेवलं. म्हणाले, "कंपनीचे वकील असतात गं. इंग्रजीत लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार. आपण काय बोलणार?" ते अकरा वर्षांच्या हप्त्यांबद्दल काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनी दुकान रात्री नऊऐवजी दहाला बंद करायला सुरुवात केली. डॉक्टरांनी आराम सांगितला होता, तरी. आई मला फोनवर हळू आवाजात हे सांगत होती आणि मला ते 'तरी' ऐकवत नव्हतं.

त्या शनिवारी मी गेले आणि पॉलिसीचं बाड काढून बसले. बारीक अक्षरांची चाळीसेक पानं. हातात पेन्सिल. अनुवाद करताना मी जे करते तेच केलं: 'अँड'ला गोल, 'ऑर'ला चौकोन, 'अनलेस' आणि 'प्रोव्हायडेड'खाली दोन रेघा. हॉस्पिटलची व्याख्या म्हणजे एकच लांबलचक वाक्य होतं. देशातल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये ही व्याख्या जवळपास याच शब्दांत असते. तिचा सांगाडा असा: हॉस्पिटल म्हणजे रुग्णांना दाखल करून उपचार करणारी अशी संस्था, जी २०१० च्या केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्याखाली, किंवा त्या कायद्याच्या परिशिष्टात दिलेल्या कायद्यांखाली नोंदलेली आहे, 'ऑर' पुढचे सगळे किमान निकष पूर्ण करते. आणि मग खाली यादी: चोवीस तास नर्स, चोवीस तास डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी… आणि त्या दहा खाटा.

त्या एका 'ऑर'भोवती मी चौकोन काढला आणि पाच मिनिटं नुसती बघत बसले.

म्हणजे दोन दरवाजे होते. नोंदणी असेल तर पहिल्यातून आत या. नसेल तर दुसऱ्यातून, पण मग यादीतलं सगळं दाखवा, कारण यादीतल्या मुद्द्यांच्या मागे 'ऑल' होता. पत्र लिहिणाऱ्याने मधला 'ऑर' हा 'अँड' असल्यासारखा वाचला होता. खाटा मोजल्या होत्या, पण त्या मोजायची वेळ दुसऱ्या दरवाजावरच येत होती. आणि आपल्या राज्यातला १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा त्या केंद्रीय परिशिष्टात आहेच. बाबा ज्या हॉस्पिटलमध्ये होते, तिथल्या रिसेप्शनच्या मागे भिंतीवर नोंदणीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं होतं, गणपतीच्या फोटोशेजारी.

मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दोन परिच्छेदांचं पत्र लिहिलं. व्याख्येतलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, 'ऑर' ठळक केला, सर्टिफिकेटची कॉपी जोडली. आणि शेवटी लिहिलं की महिन्याभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालांकडे जाऊ. लोकपालांकडे तक्रारीला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही, हे लक्षात ठेवा. त्यांचं एक कार्यालय पुण्यातच आहे. तीन आठवड्यांनी क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज आला. ग्लोव्हज, मास्क असल्या 'नॉन-पेएबल' वस्तूंचे पैसे कापून बाकी रक्कम खात्यात जमा. बाबांनी तो मेसेज तीन वेळा वाचला. मग विचारलं, "तो कुठला शब्द म्हणालीस?" मी सांगितलं. "दोन अक्षरी?" म्हणाले. आणि त्या रात्री नऊला शटर ओढलं.

तेव्हापासून मला अशा बातम्या दिसल्या की मी त्या कापून ठेवते. अमेरिकेतल्या मेन राज्यात एका डेअरीचे ट्रक ड्रायव्हर ओव्हरटाईमसाठी कोर्टात गेले होते. कुठल्या कामांना ओव्हरटाईम लागू नाही, याची यादी कायद्यात होती आणि तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते. त्या 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग डिस्ट्रिब्यूशन हे यादीतलं वेगळं काम, की नुसतं त्यासाठी केलेलं पॅकिंग? ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅक करत नव्हते. २०१७ साली अपील कोर्टाने सांगितलं की अर्थ संदिग्ध आहे, आणि कौल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला. २०१८ साली डेअरीने पन्नास लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

दुसरी बातमी इतकी गोड नाही. २०१८ च्या एका कायद्याने अमेरिकेत अमली पदार्थांच्या काही गुन्हेगारांना सक्तीच्या किमान शिक्षेतून सूट मिळू शकते. अट अशी की, त्याच्या पूर्वेतिहासात अमुक, तमुक 'अँड' ढमुक नसावं. तिन्ही एकत्र नसावेत, की तिन्हींपैकी एकही नसावा? पल्सिफर नावाच्या आरोपीच्या खात्यात तिन्हीपैकी तिसरी गोष्ट नव्हती. पहिला अर्थ लावला तर सूट, दुसरा लावला तर किमान पंधरा वर्षं. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी दुसरा अर्थ लावला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि न्यायमूर्ती गॉर्सच यांनी विरोधाचा. देशातले नऊ सर्वोच्च न्यायाधीश, विषय काय, तर 'अँड'चा अर्थ!

हसू नका. आपणही रोज हेच करतो. 'डोन्ट ड्रिंक अँड ड्राईव्ह' म्हटल्यावर दोन्ही एकत्र करायचं नाही, एवढंच आपण समजतो. पण डॉक्टर 'तेलकट आणि तिखट खाऊ नका' म्हणाले, तर 'नुसतं तेलकट चालेल' असा अर्थ कुणी लावत नाही. (माझे मामा लावतात, ते सोडा.) तोच जोडशब्द, तोच नकार, आणि अर्थ दोन. मराठीने पहिल्या ठिकाणी पळवाटच ठेवली नाही. आपण 'दारू पिऊन गाडी चालवू नका' म्हणतो. पुन्हा तो 'ऊन' मदतीला धावला!

तर मंडळी, इंग्रजीची भीती वाटत असेल तर जाडजूड शब्दकोश घेऊन बसू नका. मोठे शब्द कुठेही सापडतात, फोनवर टाकले की अर्थ हजर. 'ऑर'चा अर्थ फोन सांगेल 'किंवा', पण तो कोणत्या दोन गोष्टींच्या मध्ये उभा आहे, हे तुमचं तुम्हालाच बघावं लागतं. ऑफर लेटर, फ्लॅटचा लीव्ह अँड लायसन्स करार, लोनचे कागद, पॉलिसी… सही करण्याआधी एक पेन्सिल घ्या. अँडला गोल, ऑरला चौकोन, अनलेसखाली दोन रेघा. अर्धा तास जाईल. एवढा वेळ तर आपण पिझ्झाची टॉपिंग्ज ठरवण्यात घालवतो.

बाबांना हे भलतंच पटलंय. मागच्या महिन्यात घरी गेले, तर दुकानाच्या गल्ल्यात शार्पनरने टोक काढलेली एक पेन्सिल वेगळी ठेवलेली दिसली. वीजबिलाच्या मागच्या बाजूच्या सूचनांवरही गोल आणि चौकोन काढलेले होते. एका ठिकाणी प्रश्नचिन्ह होतं. "हे कुणाला विचारायचं गं?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं मिळून ऑफिसचा नंबर शोधला.